रिपीट बसवताना उलटलेलं पाणी

ऑस्ट्रेलियातल्या एका अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, आर्टिस्टच्या डिझाइनचं मी काय करून बसले हे लिहायचं लिहायचं म्हणत बरेच दिवस ढकलत होते, कारण यात मुख्य चूक माझीच आहे आणि स्वतःचं हसं स्वतःच कोण करून घेणार. पण परवा इचलकरंजीहून एका ज्युनिअर मुलीचा मेसेज आला, ताई आम्हाला ट्रायबल मोटिफचं कलेक्शन करायचंय, कुठून सुरुवात करू, आणि तिला व्हॉइस नोट पाठवता पाठवता लक्षात आलं की हे एकदा नीट लिहूनच काढावं. कोणाचीच नावं देत नाहीये, ना कंपनीचं, ना गावाचं, ना आर्ट सेंटरचं, ना आर्टिस्टचं. एकदोन तपशील मुद्दाम पुसट ठेवलेत.

मी मूळची इचलकरंजीची, टेक्स्टाइल शिकलेली. प्रकरण घडलं तेव्हा मेलबर्नला फर्निशिंगच्या कापडांच्या एका छोट्या कंपनीत प्रिंट डिझायनर होते. छोटी म्हणजे खरंच छोटी, नऊ माणसं, त्यातले दोघं गोडाऊनमधे. सोफ्याचं कापड, पडदे, उशा, हॉटेलांच्या ऑर्डरी.

पार्श्वभूमी

आर्टिस्ट बाई साठीच्या पुढच्या, आर्नहेम लँडच्या पश्चिम भागातल्या. ऑस्ट्रेलियाच्या नकाशात वर जो मधला फुगवटा दिसतो ना, तिथे. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा मुलूख, सगळी जमीन अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या मालकीची, बाहेरच्याने जायचं तर परमिट काढावं लागतं. पावसाळ्यात कच्चे रस्ते पाण्याखाली जातात आणि मग माल बार्जने नाहीतर छोट्या विमानाने येतो.

त्यांना मी इथे मावशी म्हणते. उगाच लाडाने म्हणत नाहीये, तिथली नात्यांची पद्धतच अशी आहे की आईची बहीण म्हणजे आईच, शब्दसुद्धा तोच, आणि बाहेरून आलेल्या माणसालाही कुठल्यातरी नात्यात बसवल्याशिवाय त्याच्याशी नक्की कसं वागायचं हे ठरत नाही. मला बसवलं गेलं ते त्यांच्या बहिणीच्या मुलीच्या जागी. माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

आधी माझा एक मोठा गैरसमज सांगते. मला वाटायचं की हे लोक हजारो वर्षं कापड रंगवतायत. तसं नाहीये. कापड विणणं तिथे नव्हतंच. पँडनस, म्हणजे आपल्या केवड्याचं भावंड, त्याची पानं चिरून, वाळवून, मुळांच्या रंगात उकळून चटया आणि पिशव्या विणायच्या, वेलींपासून मासे पकडायचे सापळे करायचे, आणि चित्रं काढायची ती कातळावर, झाडाच्या सालीवर, अंगावर. छापलेलं कापड ही अगदी अलीकडची गोष्ट. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एर्नाबेलाला १९४८ मधे लोकरीच्या कामाने सुरुवात झाली आणि बाटिक आलं सत्तरच्या दशकात, डार्विनच्या वरच्या टिवी बेटांवर १९६९ च्या आसपास लाकडी ठसे आणि मग स्क्रीन प्रिंटिंग, मध्य ऑस्ट्रेलियातल्या यूटोपिया नावाच्या वस्तीतल्या बायकांनी १९७७ मधे बाटिक हातात घेतलं, आणि त्यातल्याच एक एमिली कामे नग्वारे पुढे कॅनव्हासवर रंगवायला लागल्या आणि जगभर गेल्या. आर्नहेम लँडमधली बायकांची प्रिंटिंगची सेंटरं ऐंशीच्या दशकापासूनची. म्हणजे कलाप्रकार नवा, पण त्यावर जे येतं ते फार जुनं, आणि ते कोणाचं आहे हे गावात प्रत्येकाला माहीत असतं. ही दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं.

काम कसं आलं

ऑगस्टमधे डार्विनला अ‍ॅबोरिजिनल आर्ट फेअर भरतो, २००७ पासून चालू आहे, देशभरातली आर्ट सेंटरं, म्हणजे तिथल्या कलाकारांच्या गावोगावच्या संस्था, एका हॉलमधे. बॉस आणि मी गेलो होतो. बॉसला लायसन्स घेऊनच काम करायचं होतं, ही त्याची जमेची बाजू, कारण बाजारात भलतंच चाललेलं असतं. तिथल्या सरकारच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनचा २०२२ चा रिपोर्ट सांगतो की अ‍ॅबोरिजिनल म्हणून विकल्या जाणाऱ्या सुव्हेनिअर टाइप वस्तूंवर लोक जे पैसे खर्च करतात त्यातले अर्ध्याहून जास्त नकली मालावर जातात. आमची गिऱ्हाइकंही विचारायला लागली होती, हे खरं आहे का, कोणी केलंय.

एका स्टॉलवर मावशींचं कापड टांगलेलं होतं. गडद निळसर पाण्याच्या रंगावर हिरवट काळ्या बारीक बारीक लांब रेषा, एकमेकींना न कापता वाहत खाली येणाऱ्या, मधेच कुठेतरी माशाच्या शेपटीसारखा आकार, आणि एका बाजूला, जरा वर, वाटीएवढं एक रिकामं गोल. मी पाच मिनिटं नुसती उभी होते. बॉस म्हणाला काय मस्त नॅचरल पॅटर्न आहे, लाटा आहेत का? सेंटरच्या कोऑर्डिनेटरने सांगितलं की त्या रेषा म्हणजे यॉकयॉकचे केस. यॉकयॉक म्हणजे गोड्या पाण्याच्या डोहात राहणाऱ्या तरुण मुली, खाली माशाची शेपटी, आणि पाण्यात जे हिरवं शेवाळ लांब तरंगताना दिसतं ते त्यांचे केस.

माझ्या अंगावर काटाच आला, कारण आमच्या आजोळच्या विहिरीवर साती आसरा होत्या. शेंदूर लावलेले सात दगड, दरवर्षी नैवेद्य, आणि आजीची सक्त ताकीद की आसरांच्या डोहात भरदुपारी उतरायचं नाही. मी ते कोऑर्डिनेटरला सांगितलंसुद्धा, मोठ्या उत्साहाने. इतकं कळत असूनही पुढे मी जे केलं ते केलं, म्हणून आता मला आपुलकी वाटली वगैरेवर फारसा भरवसा नाही.

कॅटलॉगसाठी मी ओळ लिहिली, निसर्गातल्या आकारांवरून सुचलेलं डिझाइन. कोणालाच काही खटकलं नाही.

करार आर्ट सेंटरमार्फत झाला. विकलेल्या मीटरवर रॉयल्टी, किनारीवर आर्टिस्टचं नाव, छपाईआधी मंजुरी, वापर होम फर्निशिंगसाठी. आणि आमच्या ठरलेल्या फॉरमॅटमधलं एक वाक्य, जे वर्षानुवर्षं कॉपी पेस्ट होत आलं होतं, की रिपीटसाठी लागणारे किरकोळ बदल कंपनी करू शकेल.

रिपीट

या लाइनमधल्या नसलेल्यांसाठी सांगते. कापडावरचं डिझाइन म्हणजे एक तुकडा जो वर खाली आणि आजूबाजूला परत परत छापला जातो, जोड न दिसता. तो तुकडा म्हणजे रिपीट. मावशींचं कापड टेबलावर हाताने स्क्रीनने छापलेलं, एक स्क्रीन उचलायची आणि पुढे ठेवायची, त्यात जोड थोडा हललेला दिसतो आणि तो छान दिसतो. आम्हाला मात्र डिजिटलवर, सोफ्याच्या जाड कापडावर, १४० सेंटीमीटर पन्ह्यात बसवायचं होतं.

दोन अडचणी आल्या. पहिली म्हणजे डिझाइन एकतर्फी होतं, वर आणि खाली ठरलेलं. एकतर्फी कापड सोफावाल्यांना अजिबात आवडत नाही कारण सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात आणि कापड वाया जातं. यावर आमच्या धंद्यातला नेहमीचा उपाय म्हणजे एक पट्टा सरळ, पुढचा पट्टा उलटा फिरवून लावायचा, मग कापड कुठूनही कापा. दुसरी अडचण ते गोल. एका तुकड्यात एकच गोल छान दिसतं, पण वीस मीटर लांबून बघितलं की गोलांची तिरकी रांग डोळ्यात खुपते, आणि जोडाजवळ तर ते छपाईचा डाग वाटत होतं. गिऱ्हाईक म्हणणार डिफेक्ट आहे.

मग मी उलटे पट्टे लावले आणि गोल काढून टाकलं. त्या जागी दोन रेषा पुढे ओढून घेतल्या, इतक्या बेमालूम की मलाच नंतर सापडेना. तासाभराचं काम. आणि खरं सांगायचं तर डिझाइनर म्हणून मी खूश होते, रिपीट पाण्यासारखं वाहत होतं.

मंजुरी मिळाली असं आम्हाला वाटलं

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो कोणाला दिसलाच नाही.

जानेवारीत मंजुरीसाठी फाइल पाठवली. तिकडे भर पावसाळा, आणि कोऑर्डिनेटरचा मेल आला की गावात सॉरी बिझनेस चालू आहे, म्हणजे कोणीतरी गेलंय, विधी पूर्ण होईपर्यंत सगळी कामं थांबलेली असतात, आठवडे लागू शकतात. तीन आठवड्यांनी मी एक छोटी इमेज पाठवली, एकच तुकडा, रंग दाखवायला. एकच तुकडा म्हणजे सरळ पट्टा, त्यात उलटं काही दिसतच नव्हतं, आणि फोनच्या स्क्रीनवर गोल आहे की नाही हे कोण बघणार. उत्तर आलं, मावशींना रंग आवडले. पुढच्याच ओळीत होतं, पूर्ण लेआउट पाठवशील का? मी पाठवला, भली मोठी फाइल, तिकडच्या नेटवर्कवर ती कधी उघडलीच नाही. मी परत विचारलं नाही.

छपाईवाल्याची तारीख ठरलेली होती, ती गेली तर दीड महिना थांबायला लागणार होतं, आणि एका हॉटेलच्या लॉबीची ऑर्डर तोंडावर होती. बॉसने दारातूनच विचारलं, अप्रूव्हल आहे ना? मी म्हटलं, आहे.

खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही, अजूनही पूर्ण खोटं वाटत नाही. रंग आवडले याचा अर्थ मी मंजूर असा लावला, आणि मला तसाच लावायचा होता.

२४० मीटर छापलं. त्यातलं तीन मीटर विमानाने गावाला पाठवलं, कौतुकाने, सोबत चॉकलेटचा डबा.

फोन

अकरा दिवसांनी फोन आला, कोऑर्डिनेटर आणि मावशी स्पीकरवर. कापड त्यांच्या छपाईच्या टेबलावर पसरलेलं होतं. आधी बराच वेळ कोणी काही बोललंच नाही, मला वाटलं लाइन गेली. मग मावशी म्हणाल्या, पाणी तिकडून येत नाही. थोड्या वेळाने, माझं ठिकाण कुठे गेलं?

आवाज चढलेला नव्हता. मी सॉरी सॉरी सुरू केलं तर त्या म्हणाल्या, मी एकटी काही सांगू शकत नाही, दुसऱ्यांना विचारावं लागेल.

गोल म्हणजे डोह होता. खराखुरा, त्यांच्या वडिलांच्या कुळाच्या जमिनीवरचा एक डोह, ज्याला नाव आहे आणि जिथे कसं जायचं हे ठरलेलं आहे. रेषा त्याच्याकडून निघून खाली येतात, कारण पाणी तिथूनच निघून खाली येतं. मी डोह पुसला होता आणि अर्धं पाणी उलटं चढवलं होतं. नकाशावरून गाव खोडून नदी उलटी फिरवावी तसं. आणि कॅटलॉगमधे लिहिलं होतं निसर्गातल्या आकारांवरून सुचलेलं.

समोर काय काय पर्याय होते

ऑफिसमधे दोन दिवस याच्यावरच खल चालला होता.

अकाउंट्सवाल्याचं म्हणणं, किरकोळ बदलाचं कलम आपल्याकडे आहे, इमेजला होकार आहे, माल विका आणि पुढच्या वेळी काळजी घ्या. ऐकायला वाईट वाटतं, पण २४० मीटर छापील कापड आणि तोंडावर आलेली हॉटेलची ऑर्डर म्हणजे नऊ माणसांच्या कंपनीला लहान गोष्ट नाही, त्याला मी दोष देत नाही.

दुसरा पर्याय, फक्त सरळ पट्टे कापून उशा करायच्या, उलटे फेकून द्यायचे. मला हा क्षणभर फार हुशारीचा वाटला. पण डोह सरळ पट्ट्यातही नव्हता. मग गोडाऊनमधून सूचना आली की गोल वरून हाताने छापू, एक छोटी स्क्रीन करायची. हसू नका, आम्ही खरंच अर्धा तास यावर बोललो. तोपर्यंत एकाच्याही डोक्यात आलं नाही की गोल कुठे बसवायचं हे ठरवायचा अधिकार आपल्याला कोणी दिलाय.

तिसरा, सगळं थांबवायचं आणि तिकडे काय ठरतं याची वाट बघायची. किती दिवस, माहीत नाही.

वकिलाला तासभर भेटलो. त्याने सांगितलेलं थोडक्यात असं. ऑस्ट्रेलियाचा कॉपीराइट कायदा १९६८ चा, त्यात हक्क एकट्या आर्टिस्टचा, कुळाचा किंवा समाजाचा नाही. २००० मधे त्यात मॉरल राइट्स आले, म्हणजे कलाकृतीची मोडतोड करून कलाकाराची बदनामी होईल असं वागता येत नाही, आणि आमचं ते किरकोळ बदलाचं कलम तिथे किती टिकेल सांगता येत नाही. मग त्याने एक जुनी केस काढली. १९९८, बुलुन बुलुन विरुद्ध एक कापड कंपनी. आर्नहेम लँडच्याच एका चित्रकाराचं चित्र, काळे पांढरे मॅगपाय गीज, म्हणजे हंसासारखे पाणपक्षी, आणि कमळं असलेला डोह, कंपनीने न विचारता कापडावर छापून आणलेलं, अंदाजे ७,६०० मीटर आयात केलेलं. कंपनीने चूक कबूल करून माल मागे घेतला, पण कोर्टापुढे प्रश्न उरला की कुळाचं काय? कोर्टाने म्हटलं कुळ कॉपीराइटचं मालक होत नाही, पण चित्रकार स्वतः आपल्या कुळाला बांधील आहे, ते चित्र त्याने कुळाच्या रीतीला धरूनच वापरलं पाहिजे. त्याच्या आधी १९९४ मधे गालिच्यांची केस झाली होती, व्हिएतनाममधे विणून आणलेले गालिचे, चित्रं अ‍ॅबोरिजिनल कलाकारांची, परवानगी कोणाचीच नाही, एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार डॉलरच्या वर भरपाई.

वकिलाचं शेवटचं वाक्य मला लागलं. म्हणाला, तुम्ही चोरलं नाहीये, तुम्ही लायसन्स घेतलंय, म्हणून तुम्ही जास्त बेसावध होतात.

बॉसने संध्याकाळी हॉटेलला फोन करून ऑर्डर सोडली. मला न विचारता, अकाउंट्सला न विचारता. नंतर त्याच्याशी माझी बऱ्याच गोष्टींवरून वाजली पण त्या दिवसाचं श्रेय मी त्याला कायम देते.

काय केलं

मे महिन्यात रस्ता उघडल्यावर बॉस आणि मी परमिट काढून गेलो. डार्विनहून गाडीने, वाटेत ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीचा काहिल्स क्रॉसिंग, भरती ओहोटी बघून ओलांडायचा, दोन्ही बाजूला मगरी. डिकीत त्या कापडाचा गुंडाळा.

दोन दिवस कामाचं बोलणं झालंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आंब्याच्या झाडाखाली चटया टाकल्या, मावशी, त्यांची बहीण, कोऑर्डिनेटर, आणि एक म्हातारे गृहस्थ, मावशींचे आत्तेभाऊ. ते तिथे का, हे मला आधी कळलं नाही. तिकडे जमीन आणि तिच्या गोष्टी चालतात बापाच्या कुळाकडून, पण त्यावर लक्ष ठेवायचा, नीट झालं की नाही बघायचा अधिकार त्या कुळातल्या बायकांच्या मुलांकडे असतो. त्याला ते जुंगकाय म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत घर मामाचं, पण चावी भाच्याकडे. मावशी त्या डोहाच्या मालकीणबाईच, पण आत्तेभावाने हो म्हटल्याशिवाय त्यांचा हो पुरा होत नाही. आणि आमच्या करारावर सही होती फक्त मावशींची, म्हणजे आम्ही त्यांनाही अडचणीत टाकलं होतं, त्यांच्याच माणसांसमोर. हे मला फोनवर समजलं नव्हतं.

मी कापड उलगडलं. म्हाताऱ्यांनी एका सरळ पट्ट्यावर बोट ठेवलं आणि एक रेष धरून हळूहळू वर नेत गेले, कुठे घाई नाही, मधे रेष वळली तिथे बोटही वळलं. जिथे डोह असायला हवा होता तिथे बोट थांबलं. मी जोडून घेतलेल्या त्या दोन बेमालूम रेषा, त्यांच्यावर बोट दोनदा पुढे मागे गेलं. मग त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला आणि मावशींशी त्यांच्या भाषेत बोलले, बराच वेळ. माझी नजर चटईवरून हलेना.

मग मावशींनी आमचा कॅटलॉग मागवला, त्यात सोफ्याचा फोटो होता. विचारलं, लोक यावर बसणार?

बॉस म्हणाला, हो, सोफा आहे.

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. होम फर्निशिंग म्हणजे त्यांनी धरलं होतं पडदे आणि टेबलावरचं कापड. अंगावर घालायला चालेल, भिंतीला, खिडकीला चालेल, त्या डोहावर कोणी बसावं हे त्यांना नको होतं. मला समजवायची गरजच नव्हती, गणपती छापलेल्या उशीवर आपण बसू का? पण हा प्रश्न मी आठ महिन्यांत एकदाही स्वतःला विचारला नव्हता, कारण माझ्यासाठी ते छान वाहणाऱ्या रेषांचं कापड होतं.

ठरलं ते असं. ते कापड कुठेही जाणार नाही, सेलमधे नाही, ऑप शॉपला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानाला, दान नाही, सगळं कापून नष्ट करायचं आणि फोटो पाठवायचे. त्यातलं एक मीटर मावशींनी ठेवून घेतलं, नव्या मुलींना दाखवायला. आणि सोफ्यासाठी पाहिजेच असेल तर दुसरं डिझाइन घ्या म्हणाल्या. कोरड्या मोसमात पाणथळ जमीन सुकते, चिखलाला भेगा पडतात, त्या भेगांचं. हे बाहेरचं आहे, सगळ्यांसाठी आहे, यावर बसा. तिकडे गोष्टींमधे आतलं आणि बाहेरचं असा फरक असतो, काही सगळ्यांना सांगायचं, काही ठराविक लोकांपुरतं, आणि कुठली गोष्ट कुठे मोडते हे चित्र बघून बाहेरच्याला कधीच कळत नाही. डोहवालंही तसं उघडंच होतं, फेअरमधे टांगलेलं होतं, म्हणून मी धरून चालले की उघडं आहे म्हणजे काहीही चालेल.

मेलबर्नला परत येऊन मी स्वतः कापड कापलं. रोटरी कटर मधेच बोथट झाला म्हणून पुढचं कात्रीने. दोन दिवस लागले, अंगठ्याला फोड आला, गोडाऊनमधले दोघं मदतीला येत होते त्यांना मीच नको म्हटलं, जरा नाटकीपणा झाला तो, मान्य. चिंध्या श्रेडिंगला गेल्या.

रॉयल्टीचा वाद नंतर झाला. अकाउंट्सचं म्हणणं विकलंच नाही तर रॉयल्टी कसली. करारात तसंच होतं, विकलेल्या मीटरवर. मी आणि बॉसने उलट बाजू लावून धरली की न विकलं जायचं कारण आपण आहोत. शेवटी २४० मीटर विकलं असं धरून पैसे दिले.

नंतर काय झालं

भेगांचं डिझाइन पुढच्या वर्षी आलं. भेगांना वर खाली नसतं हे बघून मला हायसं वाटलं आणि मी लगेच उलटे पट्टे लावायला घेतले, मग हात थांबला, फोन केला, विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, फिरव. एवढंच. पाच रंगसंगती पाठवल्या, तीन पास झाल्या, पिवळा, राखाडी आणि तो लालसर तपकिरी जो पँडनस रंगवताना पिवळ्या मुळाच्या पाण्यात राख टाकली की येतो. निळा नको म्हणाल्या, सुकलेल्या चिखलात निळं कुठून येणार.

पहिली छपाई ९० मीटरच केली. खप ठीक आहे, धो धो नाही. डोहाच्या डिझाइनला जे गिऱ्हाईक वेडं झालं होतं ते भेगांना झालं नाही, हेही खरं, आणि बॉस अजून अधूनमधून उसासा टाकतो. डोहाचं कापड सेंटर स्वतः छापतं, हाताने, गोलासकट, आम्ही ते पडद्यांसाठी मीटरवर त्यांच्याकडून विकत घेतो. महाग पडतं. जोड थोडा हललेला असतो.

परत करायचं झालं तर

किरकोळ बदल हे शब्द करारातून गेले, त्याजागी काय काय फिरवणार, कापणार, रंग बदलणार याची यादी असते, चित्रासकट. मंजुरी फोनवरच्या इमेजला नाही, छापलेल्या दोन मीटरला, हातात घेऊन बघितल्यावर. वापर म्हणजे वस्तूचं नाव लिहायचं, सोफा, पडदा, उशी, आणि ज्यावर बसणार त्याच्यापुढे बसणार असं लिहायचं. सही कोणाकोणाची लागेल हे आम्ही ठरवायचं नाही, त्यांना विचारायचं. या सगळ्याला वेळ लागतो म्हणून छपाईवाल्याची तारीख शेवटी घ्यायची, मी ती सगळ्यात आधी घेतली होती, आणि बाकीची घाई त्या एका तारखेतून आली.

पण यावरून कोणी नियम काढू नका. नंतर आम्ही वाळवंटातल्या एका तरुण आर्टिस्टबरोबर काम केलं, ती म्हणाली रंग तुम्हाला हवे ते करा, उलटं लावा, कापा, मला बघायचंय काय होतं ते. तिथे मी परवानगी मागून मागून तिला वैताग आणला.

आणि एक गोष्ट जी या प्रकरणात बसत नाही पण मला सोडत नाही. कॉलेजमधे मी वारलीचं कलेक्शन केलं होतं, बेडशीटचं, मधोमध लग्नाचा चौक. तो चौक सवाशिणी काढतात, लग्नात, त्यात पालघट देवी असते, त्याची गाणी असतात. मी देवी काढून टाकली होती, कारण डबलबेडवर मध्यभाग उशीखाली जात होता. पहिला नंबर आला होता. डहाणूला जाऊन कोणाला विचारावं असं तेव्हा मलाही वाटलं नाही आणि मार्क देणाऱ्यांनाही नाही. त्या मुलीच्या मेसेजला मी हाच फोटो पाठवलाय, अजून तिचं उत्तर आलेलं नाही.

मावशींचा करार यंदा रिन्यू होतोय. नव्या फॉर्ममधे एक रकाना आहे, आर्टिस्ट गेल्यास नाव आणि फोटो कधी काढायचा, परत लावायचा तर कोणाला विचारायचं, कारण तिकडे माणूस गेलं की काही काळ त्याचं नाव घेत नाहीत, फोटो दाखवत नाहीत, आणि आमच्या तर प्रत्येक मीटरच्या किनारीवर नाव छापलेलं आहे. तो रकाना फोनवर भरायचा नाही असं ठरलंय. म्हातारे मामा, म्हणजे मावशींचे ते आत्तेभाऊ, आता फारसे चालत नाहीत. मे महिन्यात रस्ता उघडला की जायचंय.